सत्तेचाळीस नंबरची हजेरी

मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही, हे आधी सांगून टाकतो. वडील कोपरगावकडे साखर कारखान्यात केमिस्ट, घरात अंगारे-धुपारे कधी झाले नाहीत. मी स्वतः पस्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. पुरावा नसेल तर गोष्ट बाजूला ठेवायची, ही सवय हाडात मुरलेली. या सदरातले अनुभव मी वाचतो, पण बहुतेक वेळा मनात म्हणतो — झोप झाली नसेल, ताप असेल, नाहीतर मांजर असेल.

तरी लिहितोय. कारण असं — आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्यात. 'आपल्या वेळचं कॅम्पस' असा विषय. कुणी पटांगणातल्या चिंचेबद्दल लिहितंय, कुणी कॅन्टीनबद्दल. एकाने जुन्या दगडी विंगचा काळा-पांढरा फोटो टाकला आणि खाली विचारलं, "इतकी देखणी इमारत का पाडली रे?" मीही इमारतींवर दोन पानं लिहून पाठवली. ती छापतील. उरलेलं त्या स्मरणिकेत बसणारं नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. नगरमधलं आहे एवढं पुरे. (शहराचं नाव आता बदललंय, माझ्या तोंडात नगरच बसलंय.) मी एफ.वाय.ला होतो, बहात्तरच्या दुष्काळातलं ते वर्ष. गोष्ट त्याच्या पुढच्या जानेवारीतली, म्हणजे त्र्याहत्तरची.

तेव्हा कॅम्पस म्हणजे तीन गोष्टी. पुढे ऑफिस आणि लायब्ररी. मधे आमच्या वर्गांची बैठी, पत्र्याची इमारत. आणि तिला अगदी लागून मागे ती दगडी विंग. पूर्वी ती कुणा सरदाराच्या घोड्यांची पागा होती म्हणायचे. जाड भिंती, सागवानी तुळया, लहान लहान खोल्या. धोकादायक म्हणून दोन वर्षांपासून कुलूप होतं आणि नवीन इमारतीसाठी ती पाडायला काढली होती. आमच्या वर्गाच्या मागच्या खिडक्या आणि ती विंग यांच्यात जेमतेम दहा पावलं असतील.

आता चिंधूबद्दल.

चिंधू रामा गोडे. अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्याही वरच्या अंगाला, डांगाण म्हणतात त्या डोंगरपट्ट्यातला. गावातून कॉलेजात आलेला पहिला मुलगा. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईबापांनी मुद्दाम असं टाकाऊ नाव ठेवलेलं, दृष्ट लागू नये म्हणून. आम्ही त्याला 'चिंधी' म्हणायचो. हे मी आता लिहितोय तेव्हा लाज वाटते असं म्हणणं सोपं आहे. तेव्हा मजा वाटायची, हे खरं.

पहिल्याच दिवशी इंग्रजीच्या जोगळेकर सरांनी हजेरी घेतली. सर कधी मान वर करायचे नाहीत. नंबर पुकारायचे, 'येस सर' ऐकायचे, कॅटलॉगात P लिहायचे. "फॉर्टी सेव्हन." मागून आवाज आला, "हाय."

सर थांबले. "काय हाय?"

"मी हाय, सर."

वर्ग हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवशी त्याने 'येस सर' म्हणून पाहिलं. ते इतकं अडखळत आलं की हसू दुप्पट झालं. मग त्याने नादच सोडला. रोज, शांतपणे, थोडा घोगरा, शेवटी किंचित वर जाणारा सूर — "मी हाय, सर."

मला नकला यायच्या. गॅदरिंगला मी प्राचार्यांचा, कॅन्टीनवाल्याचा, सगळ्यांचा आवाज काढायचो. चिंधूचा आवाज तर माझा हातखंडा झाला. मी मागच्या बाकावर, शेजारी माझा मित्र विलास. तो कोपराने ढोसायचा आणि मी कुठेही, वाट्टेल तेव्हा म्हणायचो, "मी हाय, सर." चिंधू समोर असेल तर तोही जरा हसायचा. एकदा मला म्हणाला होता, "तुमी माझ्यापेक्षा चांगलं म्हणता." तो मला अहो-जाहो करायचा. एकाच वर्गात असून.

नोव्हेंबरात हॉस्टेलच्या विहिरीने तळ दाखवला. डिसेंबरात हॉस्टेल रिकामं करायला लावलं. ज्यांचे नातेवाईक शहरात ते तिकडे गेले, बाकीच्यांनी खोल्या बघितल्या, काही जण कॉलेज सोडून गावी परतले. चिंधू कुठे राहतो हे आम्ही कुणी विचारलं नाही. नंतर कळलं — तो त्या दगडी विंगमध्येच राहत होता. शेवटच्या खोलीत, मागच्या खिडकीचा गज काढून आत-बाहेर करायचा. रामभाऊ शिपायाला ते माहीत होतं. पोर कुणाचं काही नेत नाही, नुसतं वाचत बसतं, म्हणून रामभाऊ गप्प राहिला. विंग पाडायला घेतली तेव्हा त्याने चिंधूला निघायला सांगितलं होतं. "चार दिवस द्या मामा, बघतो," असं चिंधू म्हणाला होता.

शनिवारी सकाळी आमचा इंग्रजीचा तास चालू होता. चिंधू आलेला नव्हता. हजेरी होऊन गेली होती, त्याच्यापुढे A लागला होता. विंगचं छप्पर आदल्या दोन दिवसांत उतरवलेलं. मजूर भाकरी खायला चिंचेखाली गेले होते. आणि एकदम जमीन हादरली. मागच्या खिडक्यांतून धुळीचा लोट आत आला, बाकंसुद्धा दिसेनात. विंगची शेवटची बाजू आपोआप बसली होती.

खोकत खोकत सर म्हणाले, "जा, आज सुट्टी."

आम्ही टाळ्या वाजवल्या. हे मला आजही स्पष्ट आठवतं — सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मजूर मोजले, सगळे होते. मुकादमाने ढिगाभोवती एक चक्कर मारली. "कुणी न्हाई आत," म्हणाला. सोमवारपासून ठेकेदाराचे ट्रक दुष्काळी कामावर खडी वाहायला गेले आणि ढिगारा तसाच पडून राहिला. धूळ येते म्हणून आमच्या मागच्या खिडक्या लावून घेतल्या.

सोमवारी हजेरी. "फॉर्टी सेव्हन."

चिंधू नव्हता. विलासने कोपराने ढोसलं. मी म्हणालो, "मी हाय, सर."

सरांनी P लिहिला. वर्ग तोंड दाबून हसला. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. कुणीतरी म्हणालं, चिंधी गावाला पळाला, दुष्काळी कामावर खडी फोडत असेल. मी म्हटलं, फोडू दे, आपण त्याची टर्म भरून देऊ.

गुरुवारी मी मावसबहिणीच्या लग्नाला कोपरगावला गेलो. परत आलो तो पुढच्या मंगळवारी. वर्गात शिरताना विलास म्हणाला, "तू नसताना कोण आवाज काढत होतं रे? तुझ्याहून भारी."

"कुठला आवाज?"

"चिंधीचा. रोज. गुरुवारपासून कालपर्यंत, एक दिवस चुकला नाही."

मला भीती वाटली नाही. राग आला. माझी नक्कल कुणीतरी चोरली, एवढंच मनात आलं. म्हटलं, आज गप्प बसतो आणि चोर पकडतो. सत्तेचाळीसच्या आधी मी मान फिरवून आमच्या शेवटच्या रांगेतले सगळे चेहरे नजरेत धरून बसलो.

"फॉर्टी सेव्हन."

"मी हाय, सर."

एकाचेही ओठ हलले नाहीत. आवाज माझ्या पाठीमागून आला होता. माझ्या पाठीमागे बाक नव्हता... बंद खिडकी होती. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, कोरडा, तोंडात माती असल्यासारखा. पण शेवटचा तो वर जाणारा सूर बरोबर होता. मला तो कधीच नीट जमला नव्हता. सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. विलाससुद्धा. "ओठ न हलवता? कधी शिकलास?"

बुधवारी मी ठरवून आधी बोललो. नंबर पुकारल्या-पुकारल्या मी म्हणालो, "मी हाय, सर." आणि मी थांबल्यावर, अर्ध्या क्षणाने, मागून पुन्हा — "मी हाय, सर."

सर मान खाली घालूनच म्हणाले, "एकदा पुरे."

वर्गात असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी हसलो नाही. त्या दिवसानंतर मी तो आवाज कधीही काढला नाही, एक वेळ सोडली तर. ती पुढे सांगतो. मी बाक बदलून पुढे बसायला लागलो. तरी रोज तो आवाज यायचा, रोज P लागायचा आणि रोज सगळे माझ्याकडे बघून हसायचे. कुणाला सांगणार होतो? मीच केलेली चेष्टा आता मी करत नाहीये, हे कोण मानणार होतं?

तुम्ही विचाराल, वास? होता. पण त्या वर्षी वासाचं कुणाला काही वाटत नव्हतं. गावोगाव जनावरं मरून पडलेली असायची. कुठेतरी कुत्रं मेलंय, म्हणून आम्ही नाकाला रुमाल लावायचो.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. विंग पडली त्या शनिवारपासून रामभाऊला चैन नव्हती. सोमवारी संध्याकाळी त्याने धीर करून सरांना विचारलं होतं, "सर, ते अकोल्याकडचं पोरगं वर्गात येतंय न्हवं?" सर म्हणाले, "सत्तेचाळीस ना? आज होता की." रामभाऊचा जीव भांड्यात पडला. पोरगं निघून गेलं, त्याची दुसरीकडे सोय झाली, असं समजून त्याने विषय सोडला. त्याने विचारलं तो सोमवार आणि त्याच्या हजेरीला मी पहिल्यांदा आवाज काढला तोही तोच सोमवार.

विंग पडल्याला दोन आठवडे होऊन गेले आणि त्या सोमवारी चिंधूचा बाप आला.

त्याला मी आधी ऑफिसच्या पायरीवर पाहिलं. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीने पांढरे. दर आठवड्याला पोराचं कार्ड यायचं, शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. दोन आठवडे कार्ड नाही म्हणून आला होता. क्लार्कने कॅटलॉग काढून त्याच्यापुढे बोट फिरवलं.

"हे बघा बाबा. एका शनिवारी गैरहजर होता, त्यानंतर एकही खाडा नाही. शनिवारपर्यंत रोज हजर आहे तुमचा मुलगा. आत्ता तास सुरू होईल, तिकडे जाऊन थांबा."

बापाला वाचता येत नव्हतं, पण तो त्या ओळीवर बराच वेळ बघत राहिला आणि हसला. मी तिथून दहा फुटांवर उभा होतो. मी पुढे होऊन काही बोललो नाही. वर्गात जाऊन बसलो.

तो वर्गाच्या दाराशी न थांबता मागच्या अंगाला गेला, सावली होती म्हणून. बंद खिडकीखाली बसला असणार. सरांनी हजेरी सुरू केली. सत्तेचाळीस जवळ येत गेला तसा मी बाकाची कड घट्ट धरली.

"फॉर्टी सेव्हन."

"मी हाय, सर."

सर पुढच्या नंबरावर गेले. मिनिटभरात दारात बाप उभा. वहाणा बाहेर काढलेल्या, हात जोडलेले, चेहरा उजळलेला.

"सर, माझा पोर आत्ता बोलला. जरा भेटू द्या त्याला. मग बसवा परत."

जोगळेकर सरांनी त्या वर्षात पहिल्यांदा हजेरीत मान वर केली. "फॉर्टी सेव्हन, स्टँड अप."

कुणी उभं राहिलं नाही. सर एकेका बाकावरून नजर फिरवत गेले. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि म्हणालं, "सर, तो मुकुंद आहे. तो चिंधूचा आवाज काढतो."

मुकुंद म्हणजे मी. सर माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "किती दिवस?"

बाप हळूहळू आत आला, माझ्यासमोर उभा राहिला. रागावला नव्हता. नीट ऐकून घ्यायचं असल्यासारखा वाकला.

"बोल बरं बाळा. मघासारखं."

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "बोल."

मी बोललो. "मी हाय, सर."

बापाने मान हलवली. "न्हाई. ह्यो न्हाई." मग सरांकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "मघा बोलला त्यो माझा चिंधूच व्हता. बापाला कळतं ना, सर."

"कुठून आला आवाज?" सरांनी विचारलं.

तो मागच्या खिडकीपाशी गेला, कडी काढली आणि दोन्ही दारं उघडली. समोर दहा पावलांवर दगडांचा ढीग. "हितून," तो म्हणाला. "मी पाठ लावून बसलो व्हतो, तर आवाज पाठीकडून न्हाई, म्होरून आला. म्हटलं, वर्ग तिकडंबी आसंल."

तो वळसा घालून ढिगाऱ्याकडे गेला. एक दगड उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा. सरांनी रामभाऊला त्याला ऑफिसात न्यायला पाठवलं. रामभाऊ त्याच्याजवळ गेला, काहीतरी विचारलं आणि मटकन खालीच बसला. मग उठला, टोपी काढून खिशात घातली आणि तोही दगड उचलायला लागला. तेव्हा आम्हाला कळलं.

सगळी मुलं कामाला लागली. मीही लागलो. मी कडेचे लहान लहान दगड उचलत होतो, मधल्या ढिगाकडे जायचं धाडस होत नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला तुळई दिसली. ती तिरकी अडकून खाली खाटेएवढी पोकळी राहिली होती. त्यात चिंधू होता. पाय दगडांखाली चेंगरलेले, वरचं अंग मोकळं. तोंड आमच्या वर्गाकडे. हातांची नखं उरली नव्हती.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी नंतर सरांना सांगितलं आणि सरांनी, का कुणास ठाऊक, ते मला बोलावून सांगितलं. शिक्षा म्हणून असेल. "डॉक्टर म्हणतात, लगेच गेला नाही तो. दोन दिवस जिवंत असावा. फार तर तीन. त्याहून जास्त शक्यच नाही." आणि मग सर म्हणाले, "सोमवारी मी नंबर पुकारला तेव्हा वर्ग शांत असता तर, मुकुंद..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला ते रोज पुरं करावं लागतं. सोमवारी दहा पावलांवर पडलेल्या मुलाला आपला नंबर ऐकू आला असेल. त्याने उत्तर दिलं असेल. आणि त्याच क्षणी मी त्याच्या आवाजावर त्याचाच आवाज घातला आणि ऐंशी मुलं हसली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी कदाचित उत्तर द्यायला तो उरलाच नव्हता.

हे झालं क्रूर, पण समजण्यासारखं. यात अमानवीय कुणी असेल तर मी. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गुरुवारपासून पुढे, मी गावात नसताना, डॉक्टरांच्या हिशेबाने तो मेलेला असताना, रोज हजेरी कोण देत होतं? आणि बाप आला त्या दिवशी?

संध्याकाळी ट्रक मिळाला. चिंधूला घोंगडीत गुंडाळून वर ठेवलं. बाप चढायच्या आधी वळला आणि गर्दीत शोधत माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मारणार. मला ते हवंही होतं.

त्याने धोतराच्या सोग्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. "त्याच्या आयनं दिल्यात. तांदळाच्या भाकरी हायेत. शिळ्या झाल्यात, पन खा."

मी नको म्हणालो.

"घ्या. पोरं सांगत्यात, त्यो नव्हता तवा तुमी त्याची हजेरी लावली. पोराचं वरीस बुडू नये म्हणून." त्याने माझ्या दंडाला हात लावला. "लई केलंत. त्याला हितं कुनी दोस्त हाय का न्हाई, म्हणून त्याच्या आयला लई घोर व्हता. जाऊन सांगतो."

मी गाठोडं घेतलं. खरं काय ते सांगितलं नाही. ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा मी ते हातात धरून उभा होतो.

आज त्या जागी टू-व्हीलरचं पार्किंग आहे. मी इतक्या वर्षांत वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला विचारलं. विलास म्हणतो, तू लग्नाला गेलास तेव्हा दुसऱ्या कुणीतरी केलं असेल, आता कबूल कोण करणार? बाकीचे तर सरळ म्हणतात, अरे तूच काढत होतास आवाज, आम्ही ऐकलाय ना. ऐंशी साक्षीदार आहेत आणि त्यांच्या लेखी अघटित असं काही घडलंच नाही... एक चेष्टा झाली, ती अंगाशी आली, संपलं. जोगळेकर सर शेवटपर्यंत यावर बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर त्यांनी हजेरी उभं राहून, एकेकाचा चेहरा बघून घेतली. आवाज माझा नव्हता, असं माझ्याखेरीज एकच माणूस म्हणाला आणि त्याला वाचता येत नव्हतं.

मी इतिहासाचा माणूस. पुरावा म्हणाल तर कॅटलॉगातली P ची एक ओळ, बाकी काही नाही. तिचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. चिंधूच्या आईला मी कधी भेटायला गेलो नाही. ती गेली तेव्हा तिच्या पोराला नगरला एक दोस्त होता, एवढं तिला माहीत असणार.